कांतारा पाहिलात, आता बोहाडा पाहा

मराठी मालिकांच्या दिवाणखान्यात आदिवासी माणूस एकाच वाटेने शिरतो: भिंतीवरच्या वारली चित्रातून. सोफ्याच्या मागे पांढऱ्या रेषांची माणसं तारप्याभोवती फेर धरून असतात आणि त्यांच्या पुढ्यात बसून थोरली सून धाकटीचा काटा कसा काढायचा ते ठरवत असते. ज्या बायकांनी ही चित्रकला पिढ्यान् पिढ्या कुडाच्या भिंतींवर सांभाळली, त्यांच्यातली एकही बाई त्या घरात पाहुणी म्हणून आलेली मला आठवत नाही. मोलकरीण म्हणूनसुद्धा नाही. मालिकांमधल्या मोलकरणी मालवणीत बोलतात नाहीतर वऱ्हाडीत, कारण तिथे हशा पिकतो हे लेखकांना ठाऊक आहे.

गेल्या काही आठवड्यांत जे पाहिलं त्यावर आज लिहायचं आहे. हे सगळं साखरशेतात बसून पाहिलं, हे आधीच सांगते, कारण कुठे बसून पाहिलं यावर पुष्कळ ठरतं. जव्हार तालुक्यातलं हे गाव. मोठ्या पडद्यावर नवा सिनेमा बघायचा तर नाशिक गाठावं लागतं. जव्हारपासूनच ते ऐंशी-एक किलोमीटर, मोखाड्यावरून, त्र्यंबकवरून. तिकीट, एसटीचं भाडं आणि दिवसाची बुडालेली मजुरी एकत्र केली तर घरच्या आठवड्याच्या बाजाराचे पैसे जातात. म्हणून आमच्याकडे सिनेमा येतो तो फ्री डिशवरून आणि मोबाइलवरून. ज्याच्या फोनमध्ये नेटपॅक शिल्लक आणि ज्याच्या ओट्यावर रेंज, त्याच्याकडे गर्दी. दिवाळी झाली की कितीतरी घरं जगायला जातात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. तिथे झोपडीत रात्री तोच फोन विटेला टेकवून उभा असतो.

म्हणजे प्रेक्षक म्हणून आम्ही कुणापेक्षा कमी नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’मधून कोल्हापूर पाहिलं, ‘लागिरं झालं जी’मधून साताऱ्याचे फौजी पाहिले, ‘रात्रीस खेळ चाले’ने कोकणातल्या वाड्याची भीती घातली तीही मनापासून घेतली. सगळ्या महाराष्ट्राचं सुखदुःख आम्ही पाहून घेतलं. आता आमच्याकडे कुणी पाहायचं?

‘कांतारा’पासून सुरुवात करते, कारण सध्या आमच्याकडे तोच सगळ्यात जास्त पाहिला जातो. रिषभ शेट्टीचा हा कन्नड सिनेमा २०२२ चा. त्याच्या आधीच्या काळाची गोष्ट सांगणारा दुसरा सिनेमा २०२५ च्या दसऱ्याला आला आणि पोरांनी पहिला पुन्हा शोधून काढला. आमच्या शेजारच्या पाड्यावरचे एक आजोबा आहेत. बोहाड्यात सोंग घेणारं त्यांचं घर. बाप घ्यायचा, आजा घ्यायचा, आता हे घेतात. नातवाच्या फोनवर त्यांनी ‘कांतारा’चा शेवट पाहिला. भूत कोला या तिकडच्या दैवतविधीतला तो नाच, अंगात आलेला नायक, ती कानठळ्या बसवणारी आरोळी. नातू त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आजोबा म्हणाले, “नाचतो चांगला. पण ओरडतो लई. आपलं सोंग तोंड उघडत नाही. संबळ बोलतंय, मग त्यानं कशाला बोलायचं?”

मी वाचलेल्या सगळ्या समीक्षांमध्ये हे मत मला वरचढ वाटतं. ज्याने स्वतःच्या खांद्यावर देव पेलला आहे, त्याने ते दिलं आहे.

ज्यांना बोहाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. होळीच्या पुढेमागे, उन्हाळ्याच्या तोंडावर, जव्हार-मोखाड्याच्या गावांमध्ये रात्रभर सोंगं निघतात. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव त्यात मोठा. आधी गणपती, सरस्वती. मग एकामागून एक देव, राक्षस, रामायण-महाभारतातली पात्रं. रावण येतो, त्राटिका येते, नरसिंह येतो, भीम येतो, खंडेराव येतो, आणि पहाटे देवी महिषासुराला गाठते. मुखवटे लाकडाचे असतात, कागदाच्या लगद्याचेही असतात. संबळ आणि पिपाणी वाजत राहतात, टेंभ्यांच्या उजेडात सोंग गल्लीतून पुढे येतं, मागे सरतं, पुन्हा पुढे येतं. कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे ठरलेलं असतं. तो मान असतो, आणि मान म्हटला की जबाबदारीही आली. मुखवट्याची पूजा केल्याशिवाय तो चढवत नाहीत.

आजोबा सांगतात, मुखवटा चढला की समोरचं फार थोडं दिसतं. डोळ्यांच्या भोकांतून टेंभ्याचा जाळ तेवढा कळतो आणि पायाखालची वाट बरोबरच्या माणसाच्या हातावरून ओळखायची. मुखवटा जड, मानेवर ओझं, कपाळावर कापडाच्या घड्या घालून बांधलेला, आतून घामाने ओला. कपाळाची कातडी सोलवटते. बाहेर हजार माणसं हात जोडून उभी असतात आणि आत एक शेतमजूर श्वास मोजत पावलं टाकत असतो. या एका गोष्टीत किती सिनेमा आहे! कॅमेरा मुखवट्याच्या आत ठेवायचा आणि तिथून गाव दाखवायचं. एवढं सुचायला परदेशी शिक्षण लागत नाही, एक रात्र मोखाड्यात जागावी लागते.

कर्नाटकाने ते केलं. किनारपट्टीचा एक मुलगा उठला, त्याने आपल्या गावचं दैवत कॅमेऱ्यासमोर आणलं, देशभर लोकांनी पाहिलं, त्याला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीतही याची सुरुवात झाली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या ‘दशावतार’ने सिंधुदुर्गातल्या दशावतारी कलावंताला नायक केलं आणि लोक थिएटरात गेले. दिलीप प्रभावळकरांचं वय, त्यांचं थकलेलं शरीर आणि रंग चढल्यावर त्याच शरीरात येणारं बळ, हे पाहण्यासारखंच आहे. दक्षिण कोकणाला हे मिळालं याचा आनंद आहे. पण कोकण सिंधुदुर्गापासून सुरू होऊन रायगडला संपत नाही. त्याच्या उत्तर टोकाला पालघर आहे, आणि पालघरचे डोंगर म्हणजे आम्ही.

‘कांतारा’बद्दल माझी एक तक्रार मात्र आहे आणि ती गंभीर आहे. सिनेमातली भांडणाची जमीन राजाने देवाला वचन देऊन गावाला दिलेली. पुढे १९९० मध्ये वनखात्याचा अधिकारी हद्द आखायला येतो आणि गावाशी त्याचं वाजतं. इथपर्यंत आमच्या ओट्यावर सगळे पुढे सरसावून बसले होते. हे आमचंच चाललं आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी काय होतं? खलनायक जमीनदार ठरतो, अधिकारी मनाने चांगला निघतो, आणि अंगात आलेला देव गावकऱ्यांचे नि त्या अधिकाऱ्याचे हात एकमेकांच्या हातात देतो. मिटलं भांडण. आमच्याकडे मात्र ते असं मिटत नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हापासून आमच्याकडची माणसं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे पुरावे गोळा करत फिरत आहेत. जुन्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब, बांधावरच्या झाडांच्या खुणा. एकराचा दावा करायचा आणि हाती गुंठे यायचे, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना देवाने हात मिळवून दिल्याने समाधान होत नाही. देव हात मिळवून देतो, पण सातबारा? सिनेमाने जंगल इतकं जिवंत दाखवलं, मग कागदाला का घाबरला?

आता मालिकांच्या लग्नाकडे येते. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

मराठी मालिकेत लग्न म्हणजे महिनाभराचं रेशन. आधी पत्रिका, मग साखरपुडा, मेंदी, संगीत, हळद, मंगळसूत्राची चोरी, नवरदेव पळाला, नवरदेव सापडला आणि रविवारी दोन तासांचा विशेष भाग. या सगळ्याचा पाया एकच: लग्न लागलं नाही तर मुलीची आणि घराण्याची अब्रू गेली. आमच्याकडच्या बाया हे बघतात, रमतात, पण त्यातल्या वयाने मोठ्या बाया मधूनच विचारतात, “एवढं रडायला काय झालं?” आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. वारली समाजात मुलगा-मुलगी एकत्र राहू लागतात, संसार मांडतात, मुलंबाळं होतात, आणि लग्नाचा खर्च जमला की मग मांडव पडतो. कधी आईबापांच्या लग्नात त्यांचीच पोरं मांडवात बागडत असतात. त्या बाईची अब्रू जात नाही. तिला कुणी घराबाहेर काढत नाही. मालिकेतली नायिका ज्या संकटावर तीनशे भाग रडते, ते आमच्या पाड्यावर संकटच नाही.

आणि लग्न लावते कोण? धवलेरी. ती बाई असते. ती गाणी म्हणते, देवांना बोलावते, लग्न तिच्या आवाजावर लागतं. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, चौकात पालघाट देवी बसते. लग्न लावण्याचा मान बाईकडे असलेला हा समाज मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत राहतो. बाईच्या सक्षमीकरणावर दर महिला दिनाला विशेष भाग करणाऱ्या एकाही वाहिनीने नायिकेचं लग्न धवलेरीच्या हातून लागलेलं दाखवलं आहे का? दाखवा. एकदा दाखवा. टीआरपी मिळाला नाही तर माझं नाव घ्या.

उलट काय होतंय ते मी डोळ्यांनी बघते आहे. आमच्याकडच्या लग्नांत आता डीजे आला, नवरदेवाला भाड्याची शेरवानी आली, मालिकेतल्यासारखा ‘हळदी’चा पिवळा बॅनर आला. गेल्या उन्हाळ्यात एका मांडवात धवलेरी चौकासमोर बसून गात होती आणि डीजेवाल्याने आवाज चढवला. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. तिने डीजेवाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपलं गाणं पुरं केलं, मग उठली. पोरांना रागे भरावं असं मला वाटलं, पण त्यांनी ‘लग्न’ म्हणून पडद्यावर जे पाहिलं तेच ती आणणार. लहानपणापासून रोज संध्याकाळी दुसऱ्याचीच लग्नं पाहिली, तर आपली वेगळी असावीत असं वाटायला लावणारं त्यांच्यापुढे आलं काय?

लग्नाच्या खर्चाचा इतिहासही आमच्याकडे वेगळा आहे. या भागात लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि मग नवरा-बायकोने त्याच्या शेतावर राबायचं. वर्षानुवर्षं. काहींचं आयुष्य संपलं, कर्ज संपलं नाही. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी फुकट राबणार नाही असं ठरवलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, बाईंच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी हूल उठवली गेली. वारली रातोरात तिकडे धावले आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार तिथे हुतात्मा झाले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं, १९७० साली. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खोटा निरोप, अंधारी रात्र, बाईला वाचवायला निघालेली हजारो माणसं, समोर बंदुका. ऐतिहासिक सिनेमा काढायला तलवारच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तलवाड्याची ही रात्र वाचावी.

बातम्यांच्या वाहिन्यांबद्दल थोडक्यात. आमचा तालुका टीव्हीवर येतो तो झोळीत. बाळंतीण किंवा आजारी माणूस झोळीत घालून खांद्यावर नेतात, ती दृश्यं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीतल्या बाईची जुळी बाळं गेली आणि तिला झोळीतून दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा दोन दिवस सगळे कॅमेरे इकडे होते. १९९२ मध्ये वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं गेली तेव्हाही महाराष्ट्राला जव्हार कळलं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी आणि आदिवासी चालत गेले, तेव्हा सोललेल्या तळपायांचे फोटो घरोघरी पोहोचले. ही दृश्यं दाखवायलाच हवीत, त्यांनी सरकार हललं. पण त्या चालणाऱ्यांची मागणी काय होती, वनपट्टा म्हणजे काय, तो का मिळत नाही, हे समजावून घ्यायला किती जण थांबले? पाय दिसले. तोंडासमोर माइक फार थोड्यांच्या आला. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला आहे. त्याच तालुक्यातल्या बाया मे महिन्यात टँकरची वाट बघत उभ्या असतात. ज्या शहरात हे कार्यक्रम तयार होतात, ते शहर आमच्या डोंगरातलं पाणी पितं. तेव्हा आमच्या गोष्टीसाठी महिन्यातून अर्धा तास मागणं हा हट्ट नाही.

जुने सिनेमे पुन्हा पाहिले. ‘आक्रोश’, १९८० चा. गोविंद निहलानींचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. ओम पुरींचा आदिवासी आरोपी लहान्या भिकू मला आजही झोपू देत नाही. न बोलता डोळ्यांनी एवढं सांगणारा नट पुन्हा झाला नाही. त्याहून मला या खेपेला खिळवलं ते अमरीश पुरींच्या दुसाण्यांनी. हा सरकारी वकील स्वतः आदिवासी, आणि घरी त्याला जातीवरून शिव्या देणारे फोन येतात. तो गप्प बसतो. शिकून पुढे गेलेल्या आमच्या किती मुलांना ते गप्प बसणं ठाऊक आहे! पण ‘आक्रोश’नंतर पंचेचाळीस वर्षं उलटली. लहान्याचं मौन तेव्हा आरोप होता, आता ती सोय होत चालली आहे. पडद्यावरच्या आदिवासीला अजूनही फारसे संवाद नाहीत.

‘जैत रे जैत’ १९७७ चा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. गाणी सगळ्यांना पाठ आहेत, आमच्याकडेही. स्मिता पाटीलची चिंधी नवऱ्याला सोडून मनातल्या माणसाकडे जाते, ताठ मानेने जाते, कुणाची परवानगी मागत नाही. ही बाई खरी आहे, अशा बाया मी बघते. त्यासाठी हा सिनेमा मला प्रिय आहे.

तमिळ ‘जय भीम’ खऱ्या खटल्यावर बेतलेला. त्यात एक प्रसंग आहे: पोलीस गाडीतून घरी सोडू पाहतात आणि गरोदर नायिका सेंगेनी ती नाकारून चालत निघते, मागून पोलिसांची जीप हळूहळू येते. आमच्या ओट्यावर या प्रसंगाला कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या बाया नीट बसल्या, पदर सावरून. यापेक्षा मोठी दाद मी पाहिलेली नाही. तरी सिनेमाचं नायकपण शेवटी तिच्या वकिलाकडेच जातं. मूळ खटल्यातलं कुटुंब कुरवर समाजाचं, सिनेमाने त्याला इरुळा केलं. एका समाजाच्या जागी दुसरा समाज ठेवला तरी चालतो, असं सिनेमावाल्यांना का वाटतं, याचं उत्तर मला हवं आहे.

‘आरआरआर’बद्दल माझा राग मोठा आहे. त्याचा एक नायक कोमाराम भीम हा गोंडांचा नेता. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे आसिफाबाद भागात तो निजामाच्या राजवटीशी लढला, जल-जंगल-जमिनीसाठी. १९४० मध्ये जोडेघाटच्या जंगलात मारला गेला. सिनेमाच्या शेवटी त्याला विचारतात, तुला काय हवं? आणि तो दुसऱ्या नायकाकडे अक्षरओळख मागतो. ज्याने जमीन मागितली त्याच्या हातात पाटी दिली. सिनेमाने ऑस्कर आणलं, नाच सुरेख आहे, सगळं मान्य. पण हा प्रसंग मला मान्य नाही.

पोरांचा देव मात्र ‘पुष्पा’ आहे. हातात लाकूड, खांदा वाकडा, मान ताठ. मजूर म्हणून कुणापुढे वाकत नाही, म्हणून तो त्यांना आवडतो, आणि ते मला कळतं. पण पुष्पा रक्तचंदन चोरतो, आमच्या जंगलात खैर आहे. खैरापासून कात होतो, त्याला भाव आहे आणि त्याची चोरटी तोड चालते. रात्री ओंडका खांद्यावर घेणारा पोरगा आमचा असतो. पकडला जातो तोही आमचाच. माल जिथे पोहोचतो तिथला माणूस कधी पकडला गेला असं कानावर येत नाही. सिनेमा सांगतो, ओंडका उचलणारा उद्या टोळीचा राजा होतो. हे खोटं आहे आणि घातक खोटं आहे. याच सिनेमात मुलीला पैसे देऊन हसायला लावतात, त्यालाही प्रेम म्हणतात. आमच्या पोरांनो, पाच वेळा बघितलात, आता पुरे.

हिंदी ‘पंचायत’ मला मनापासून आवडते. फुलेरा गावचा तो सचिव, कागदावर प्रधान असलेली मंजूदेवी आणि कारभार बघणारा तिचा नवरा. बघताना प्रत्येक वेळी वाटतं, यापेक्षा मोठी गोष्ट आमच्या ग्रामसभेत आहे. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्र. १९९६ चा पेसा कायदा आम्हाला लागू. २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येतं, स्वतःची ग्रामसभा भरवता येते. चाळीस घरांचा एक पाडा गाव व्हायचं ठरवतो, एवढ्यावर तीन सीझन निघतील. कुणाची सही लागते, कोण अडवतं, बांबूचे पैसे कुणाच्या खात्यात जमा व्हायचे, ग्रामसेवक कुठल्या वारी येतो आणि कुठल्या वारी येत नाही. यात विनोद आहे, भांडण आहे, प्रेमप्रकरणं तर आहेतच. वाड्याचा सेटही उभारावा लागणार नाही.

खरं दिसतं तेव्हा बहुधा त्या मातीतला माणूस कॅमेऱ्यामागे असतो. ‘फँड्री’ला नागराज मंजुळे करमाळ्याकडून आले आणि हलगी वाजवणाऱ्या सोमनाथ अवघडेला त्यांनी जब्या केला. ‘स्थळ’ जयंत सोमलकरांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, आपल्याच भागातल्या माणसांना घेऊन केला आणि मुलगी बघण्याचा कार्यक्रम असा दाखवला की बघणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. उंटावरून शेळ्या हाकून असलं काही होत नाही.

आमच्याकडेही कॅमेरे निघाले आहेत. डहाणू-तलासरीपासून जव्हारपर्यंतची पोरं स्वतःची गाणी स्वतः चित्रित करून यूट्यूबवर टाकतात. आमच्या बोलीत, आमच्या शेतात, आमच्या पोरींना नायिका करून. लाखांनी बघणारे आहेत. काही गाणी टुकार आहेत, काहींत ‘पुष्पा’ची नक्कल आहे, ड्रोनचा सोस फार. पण तिथे पहिल्यांदाच आमची मुलगी सावळीच्या सावळी नायिका आहे, तिला पावडर फासून गोरी केलेली नाही. माझ्या ओळखीची एक पोर दहावीत आहे. परवा म्हणाली, “ताई, त्या गाण्यातली पोर आपल्यासारखीच बोलते गं.” हे तिने ज्या आश्चर्याने सांगितलं, त्याचा हिशेब वाहिन्यांनी द्यावा. पंधरा वर्षांची होईपर्यंत तिने पडद्यावर हजारो माणसं बोलताना ऐकली आणि आपल्यासारखं बोलणारं माणूस तिला आत्ता भेटलं.

तेव्हा निर्मात्यांना आणि वाहिन्यांना थेट सांगते. ऑडिशन जव्हारला ठेवा. भातकापणी उरकल्यावर आणि माणसं भट्टीवर जायच्या आधी ठेवा, नंतर गावात म्हातारे आणि पोरंच सापडतील. येणाऱ्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, आणि हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. बोहाडा चित्रित करायचा तर ज्या घराचं सोंग आहे त्या मानकऱ्यांना आधी विचारा, नाही म्हणाले तर कॅमेरा बंद करून बसून बघा. टेंभ्यांच्या उजेडावर तुमचे हॅलोजन मारू नका. देवीला ‘वन मोअर टेक’ सांगू नका. धवलेरीचं गाणं वापरलंत तर तिचं नाव श्रेयनामावलीत टाका आणि मानधन तिच्या हातात द्या. राहायची सोय पाड्यावर होईल, नागलीची भाकर मिळेल. संवाद मात्र मुंबईहून लिहून आणू नका.